चूक नसल्याबद्दल वाढीव हप्ता

चूक करणाऱ्याला या जगात क्षमा आहे; चूक न करणाऱ्याची मात्र चौकशी होते. हे तत्त्व घराघरांत पूर्वीपासून पाळलं जातंच. त्याला शिक्का, टेबल आणि गार हवेची खोली मिळवून दिली ती विमा कंपन्यांनी, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

आक्कांची गाडी उभी होती. (चालवायची सून, पण गाडी आक्कांच्या नावावर. घरातलं सगळंच आक्कांच्या नावावर.) इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, सून औषधं आणायला गेलेली, आणि आक्का पुढच्या सीटवर पट्टा लावून बसलेल्या. उभ्या गाडीत पट्टा कशाला, असं सुनेने जाताना विचारलं होतं. "तू लावलेली गाडी आहे," आक्का म्हणाल्या, "उभी असली म्हणून काय झालं."

तेवढ्यात एक पावाची गाडी मागे मागे येत आली आणि आक्कांच्या दाराला पाठ टेकून थांबली. दार आत, आरसा रस्त्यावर, आक्का जागच्या जागी. पाववाला खाली उतरला, कानाला हात लावला आणि चार माणसांदेखत म्हणाला, "माझीच चूक, आजी." त्याच्या विमा कंपनीने दार भरून दिलं, आरसाही दिला. प्रकरण मिटलं.

मिटलं होतं, पण आक्कांची पद्धत आड आली. घरात काही झालं की दुसऱ्या कुणी सांगायच्या आत आपणच नातेवाइकांना फोन करायचा, म्हणजे त्यांना तिखटमीठ लावायला जागा राहत नाही. "आपल्या विमावाल्यांनाही कळवून टाक," त्यांनी सुनेला सांगितलं. "बाहेरून कळलं तर तोंड वाकडं करतील." आक्कांनी कंपनीला नातेवाईक मानलं, आणि कंपनी तशी निघालीही. ऐकताना हं हं म्हणाली, आणि नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा बरोब्बर उकरून काढलं. हप्ता दीडपट झाला.

"कुठे उभी केली होती गाडी?" मुलाने बायकोला विचारलं. मग म्हणाला, "विकूनच टाकू."

सून पहाटेच्या पाळीला गावाबाहेरच्या रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत जायची. त्या वेळी तिकडे बस नाही. गाडी गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की सून दिवसभर घरात. आक्कांनी एक ओटा आणि त्यापुढे सकाळपासून रात्रीपर्यंत दोन बायका, असं चित्र डोळ्यांपुढे आणून पाहिलं आणि पायात चपला सरकवून सुनेला बरोबर घेतलं.

विमा कार्यालयात ग्राहकांच्या सोयीसाठी पिण्याचं पाणी आहे (ग्लास नाही), एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या आहेत, म्हणजे एक जण उठला की तिघं हलतात, आणि प्लास्टिकचं एक झाड आहे, त्याला शिपाई न चुकता पाणी घालतो. अधिकारी साहेब तरुण होते, आवाज मऊ, मन त्याहून मऊ.

"आजी, आम्ही शिक्षा करत नाही. आम्ही फक्त धोका मोजतो."

"मग पाववाल्याचा मोजा."

"त्याचा त्याची कंपनी मोजते."

"आमची गाडी उभी होती हो."

"कुठे उभी केली होती?"

"रस्त्यावर. माळ्यावर कशी करणार?"

साहेबांनी राग मानला नाही. त्यांनी कंपनीचा अभ्यास समजावून सांगितला. (अभ्यास कंपनीनेच केला, कंपनीनेच तपासला आणि कंपनीलाच तो पटला.) धडक बसलेल्या शंभर गाड्यांपैकी शंभरच्या शंभर गाड्या धडकेच्या वेळी तिथेच होत्या, असं आढळलं. ज्या तिथे नव्हत्या, त्यांतल्या एकीलाही ओरखडा नाही. यावरून तिथे असणं हेच अपघाताचं मुख्य कारण ठरतं. शिवाय चूक करणारा माणूस घाबरतो, शिकतो, पुढच्या वेळी आरशात बघतो. त्याच्यासाठी कंपनीचा दोन दिवसांचा सुधारणा वर्ग आहे, आणि तो पुरा केला की हप्ता पूर्वीसारखा. पण ज्याची चूकच नाही, त्याने सुधारायचं काय? तो जितका चांगला होऊ शकतो तितका झालेला आहे, तरी त्याला धडक बसलीच. असा माणूस कंपनीच्या दृष्टीने हाताबाहेर गेलेला.

आक्कांना हे पटलं. (पटल्याचं दाखवायची त्यांच्यात रीत नव्हती.) घर त्यांनी याच शास्त्रावर चालवलं होतं. सून घरात असताना कप फुटला, तर ती घरात होती म्हणून. नसताना फुटला, तर ती नव्हती म्हणून. आपल्या तोडीचं माणूस त्यांना एवढ्या वयात पहिल्यांदा भेटत होतं.

"थोडीशी चूक कबूल केलीत तर सवलतीत बसवून देतो," साहेब हळूच म्हणाले.

"मी करते कबूल," सून म्हणाली. "मला सवय आहे."

"काय चूक लिहू?"

"आक्कांना विचारा. त्यांच्याकडे भरपूर आहेत."

साहेबांनी पेन उघडून आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी तोंड उघडलं. गाडी तिरकी लावली, घाईत लावली, मी सांगत होते पुढे घे. सगळं जिभेवर तयार होतं. ते लिहिलं की गाडी वाचत होती.

"तिची काही चूक नव्हती," आक्का म्हणाल्या.

शेजारच्या जोडखुर्च्या हलल्या. सून वळून बघायला लागली.

"सरळ लावली होती. ब्रेक ओढलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. चांगली चालवते ती." आणि मग सुनेकडे, "तू बघतेस काय अशी? रस्त्यावर बघायची असते तशी समोर बघ."

साहेबांनी खेदाने नोंद केली: घरातील ज्येष्ठ साक्षीदाराच्या मते चूक शून्य. सुधारणेला वाव नाही. सवलत नाही.

आक्कांनी साहेबांचा कागद बोटाने पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. "मग माझी लिहा," त्या म्हणाल्या. जन्मात हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं, त्यामुळे ते जरा अडकत निघालं. "तुम्हाला कळवा असं मीच म्हटलं होतं."

साहेबांचा चेहरा उजळला. याला रकाना होता. 'अनावश्यक प्रामाणिकपणा' ही चूक कंपनी फार गंभीर मानते, पण वेळीच कबूल केली तर ती बरी होते.

आक्कांना गाडी चालवता येत नाही. तरी त्यांनी दोन दिवसांचा सुधारणा वर्ग पुरा केला. पहिल्या दिवशी आरशात बघायला शिकवतात, दुसऱ्या दिवशी कुणाला काही न सांगायला. शेजारच्या बाकावर पाववाला होता. "तुमची कसली चूक, आजी?" त्याने विचारलं. आक्का काही बोलल्या नाहीत, आणि त्यात पहिल्या आल्या. हप्ता उतरला, गाडी राहिली, सून पहाटे कामावर जाते आणि ओटा दिवसभर आक्कांचा असतो. परवा कप फुटला. तो कपाच्या चुकीने फुटला, असं घरात जाहीर झालं.

बाकी प्रकरण बंद आहे. मुलगा, साहेब, शेजारीण, पाववाल्याची बायको, हकिगत ऐकणारा जो तो शेवटी एकच विचारतो, की पण गाडी नेमकी उभी कुठे केली होती? वाचता वाचता तुमच्याही मनात ते दोनदा येऊन गेलेलं आहे. लाजू नका. कंपनीत भरती चालू आहे.