एकाच मापाचे दोन जोड

घरात शांतता हवी असेल तर आई आणि बायको यांना द्यायच्या भेटी तंतोतंत सारख्या असाव्यात, याबाबत आता कोणाचंही दुमत उरलेलं नाही. (ज्यांचं होतं, ते हल्ली बाहेर जेवतात.)

आमचा मुलगा वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. एखाद्या दुकानातल्या तराजूचा काटा केसभर जरी कलला, तरी याला घास गोड लागत नाही. असा माणूस घरात असणं हे भाग्याचं लक्षण आहे, असं तो स्वतःच सांगतो.

काही वर्षांपूर्वी त्याने आईसाठी निळी शाल आणली आणि बायकोसाठी हिरवी. "आईंची जरा उबदार दिसते," सून म्हणाली. "हिची जरा भारी दिसते," आमची ही म्हणाली. यात तक्रार अशी काहीच नव्हती. फक्त पुढचे काही दिवस स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवली जात होती.

तेव्हा मुलाने धोरण आखलं. रंग एक, किंमत एक, वेष्टनाचा कागद एक, फितीची गाठसुद्धा एकच. दोन्ही पुडकी तो ऑफिसच्या काट्यावर तोलून आणतो. (हा सरकारी वस्तूचा खाजगी वापर नव्हे. काट्याची चाचणी आपोआप होते.) सुरुवातीला तो दोन्ही हात एकदम पुढे करायचा. उजवा हात कोणापुढे, यावरून एकदा कुरबूर झाली. तेव्हापासून तो पुडकी टेबलावर ठेवतो आणि चार पावलं मागे सरकतो. या धोरणामुळे घरातल्या तक्रारी शंभर टक्के घटल्या. आनंदही बराच घटला, पण त्याची मोजदाद करणं खात्याच्या कक्षेत येत नाही.

यंदा त्याने मनापासून विचार करून भेट द्यायचं ठरवलं. दोघी रोज संध्याकाळी गप्पा मारत पुलापर्यंत फिरायला जातात, ही बाब त्याच्या निदर्शनास आली होती. त्याने चालायचे बूट आणले. दोन जोड, दोन्ही राखाडी, जांभळ्या नाडीचे. माप बायकोच्या जुन्या चपलेवरून घेतलं आणि तेच आईलाही लावलं. वेगळं माप म्हणजे कमीजास्त कातडं, आणि कमीजास्त कातडं म्हणजे पुन्हा शालीचं प्रकरण. जुन्या चपलाही त्याने दोघींच्या एकदमच टाकून दिल्या.

"कसे बसले गं आई?"

"अगदी माझ्यासाठीच शिवल्यासारखे," ती म्हणाली आणि उभी राहून दाखवलं. चालून दाखवलं नाही. कोणी तशी मागणीही केली नव्हती.

पुढच्या आठवड्यात आईचं फिरणं थांबलं. एक दिवस गुडघा, दुसऱ्या दिवशी वारा, तिसऱ्या दिवशी नुसतंच "आज नको गं". सून एकटीच पुलापर्यंत जायची आणि आल्यावर तिथे कोण भेटलं, कोणाचा कुत्रा कोणावर भुंकला, ते सगळं सांगायची. ही कान देऊन ऐकायची आणि हातातला चहा गार व्हायचा. मुलाने परिस्थितीचा अभ्यास करून 'वय' असा निष्कर्ष काढला आणि दोन आरामखुर्च्या बघून ठेवल्या. (सून तिशीतली आहे. पण खुर्ची एकच कशी आणणार?)

एका सकाळी सून दाराजवळ झाडत होती. आईचा बूट बाजूला सारला, तर आतून कापसाचा बोळा पडला. मग दुसरा. मग निळ्या शालीच्या झालरीचा गुंडा.

"आई, हे काय?"

"अगं, ऊब राहते."

"बुटात?"

"हळू बोल, तो ऐकेल. एवढ्या हौसेनं आणलेत त्याने."

"मग मोठे होतात म्हणून सांगायचं ना!"

"आणि मला वेगळे आणले असते, तर तूच म्हणाली असतीस, आईंचे वेगळे का म्हणून."

"मी? मी कशाला म्हणेन?"

"शालीच्या वेळी कोण म्हणालं होतं?"

"आणि तुम्ही काय कमी बोलला होता?" मग दोघी अशा हसत सुटल्या, की मला रेडिओ बंद करावा लागला.

मुलगा आत दाढी करत होता. सून बूट हातात घेऊनच त्याच्यापुढे उभी राहिली.

"अहो, आईंच्या पायाचं माप काय?"

"तुझंच की."

"माझं नाही विचारत. आईंचं."

मुलाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. (बाहेर महत्त्वाचं असं काही नव्हतं.)

"पावती द्या. बदलून आणते."

"अगं, पण मग सारखे नाही राहणार!"

"नाही राहणार. पण आम्ही दोघी चालू तरी."

दुकानदाराने हिचा पाय मोजला. बूट दोन नंबर मोठा निघाला. त्याच संध्याकाळी दोघी पुलाकडे गेल्या आणि अंधार पडेपर्यंत परतल्या नाहीत. बूट लांबून अगदी एकसारखे दिसतात. मुलगा ते आता लांबूनच पाहतो, आणि धोरण यशस्वी झालं असं ऑफिसात सांगतो.

हिच्या पायाचा नंबर मी इथे मुद्दामच लिहीत नाही. तो आमचा घरगुती मामला आहे. शिवाय तुम्हाला तुमच्या आईचा तोंडपाठ असेलच. नसला, तरी आत्ता हळूच उठून दारातल्या तिच्या चपला उलट्या करून बघू नका. खाली आकडा असतो, नाही असं नाही. पण तो तुम्ही आणलेल्या चपलेचा असतो.