पाच नंबरचे भुंगे

वीरण्णांनी मुलीचे भुंगे उकळत्या पाण्यात टाकले ते रागाने नव्हे, धंद्याच्या सवयीने. उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात त्यांची आडत होती, आणि आडत्याच्या स्वयंपाकघरात किडलेल्या मुगाची बरणी म्हणजे अब्रूचा प्रश्न. बाहेर ओसरीत गिऱ्हाईक चहा पीत बसलेलं. वीरण्णांनी बरणी आंघोळीच्या पातेल्यात रिकामी केली, हात झटकले आणि टोपी घातली.

तेवढ्यात अक्षरा आली. ती लातूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजने काही निवडक मुलांना सुट्टीत स्वतंत्र संशोधन दिलं होतं, आणि तिच्या वाट्याला मुगातले भुंगे आले होते. निंबोळीचं तेल चोळलेल्या मुगावर ते अंडी घालतात का, हे तिला पाहायचं होतं.

"अप्पा, बरणी कुठंय?"

"टाकली. पार किडली होती गं."

"किडलेलीच पायजे होती! पुढच्या महिन्यात नांदेडला विद्यापीठात दाखवायचंय. त्यावरनं पुढची जागा ठरणार हाय."

"कसली जागा?"

"संशोधनाची. एम.एस्सी.ला."

पोरीने बी.एड. करून गावातल्या शाळेत शिकवायचं, हे वीरण्णांनी कधीच ठरवून टाकलं होतं. पण अक्षराने वाद घातला नाही. ती पातेल्याशी बसून तरंगणारे भुंगे चमच्याने बाजूला काढू लागली. ते वीरण्णांना बघवेना.

"उठ. मोंढ्यात भुंग्यांना काय तोटा? आणून देतो."

मोंढ्यात भुंग्यांना तोटा नव्हताच. तोटा होता तो कबूल करणाऱ्यांना.

शेजारच्या ईश्वरप्पांना त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्याकडं किडलेले मूग हायत का?"

ईश्वरप्पांनी हातातलं माप खाली ठेवलं. "वीरण्णा, सकाळच्या पारी मी तुमचं काय वाईट केलं?"

पुढच्या दुकानात वीरण्णांनी आवाज आणखी खाली आणला, त्यामुळे संशय आणखी वाढला. दुपारपर्यंत वीरण्णा खराब माल गोळा करून चांगल्यात मिसळणार, अशी बातमी झाली. एक दलाल तर कानाशी येऊन म्हणाला, "वास मारणारा माल हाय, लई स्वस्त. मागच्या दारानं पाठवू?" संध्याकाळी व्यापाऱ्यांनी त्यांना बोलावून मधोमध उभं केलं.

"खरं सांगा, किडक्या मुगाचं काय करायलात?"

"पोरगी भुंगे पाळायलीय," वीरण्णा म्हणाले.

कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या आडत्याने काळजीने विचारलं, "डॉक्टरला दाखवलं का?"

शेवटी अक्षरालाच बोलवावं लागलं. भुंगा निंबोळीला दबला, तर गोदामात विषारी गोळ्या ठेवायला नकोत, असं तिने समजावून सांगितलं. व्यापारी गंभीर झाले. मदत करायची सगळ्यांचीच इच्छा होती. फक्त भुंगे कुणाकडेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मात्र वीरण्णांच्या ओट्यावर कागदाच्या पुड्या येऊन पडू लागल्या. नाव एकीवरही नव्हतं. एकीवर फक्त "रस्त्यात सापडले" असं लिहिलं होतं. अक्षराने पुड्यांना नंबर दिले आणि ती कामाला लागली.

नांदेडहून ती पेढे घेऊनच परतली. मोंढ्याने तिचा सत्कार ठेवला. शाल सावरत ती म्हणाली, "सगळ्या पुड्यांतले भुंगे निंबोळीपुढं हरले. पाच नंबरचे हरले न्हाईत. असले भुंगे आमच्या सरांनीबी पाहिले नव्हते. एम.एस्सी.ला त्यांच्यावरच काम करायला मिळणार हाय. पण ते कुठल्या गोदामातले, हे कळल्याबिगर जागा पक्की व्हणार न्हाई."

वीरण्णांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. पोरीचं आयुष्य अडलंय आणि कुणी एक जण अब्रूला कवटाळून बसलाय! बी.एड.चा विषय त्या क्षणी त्यांच्या डोक्यातून साफ निघून गेला. ते ताडकन उठले.

"ज्याचे असतील त्यानं सांगून टाकावं! किडा कुणाच्या घरात न्हाई? त्यात लाज कसली? माणसानं मन मोठं ठेवावं!"

जोरदार टाळ्या पडल्या. मागून त्यांची बायको गौरम्मा त्यांचा सदरा ओढत होती.

"अहो, खाली बसा. पाच नंबर आपल्याच गोदामातलं हाय. ती पुडी मीच ठेवली होती, पोरीनं नंबर घालताना बघितलं."

वीरण्णांना खाली बसता येईना. टाळ्या थांबल्या होत्या आणि सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. अक्षराही.

"आमचे हायत," ते म्हणाले.

मग ईश्वरप्पा उठले.

"एवढ्या पुड्यांतनं पास झाले ते पोरीच्या बापाचेच भुंगे? वशिला हो, सरळ वशिला! आमच्या भुंग्यांत काय खोट होती?"