सशापर्यंत आलेला गुडघा

"लिफ्ट कधी सुरू होणार?" असं मी समोरच्या कर्णिक मॅडमना विचारलं, तेव्हा त्या लिफ्टवाल्यांशी फोनवर बोलूनच बाहेर आल्या होत्या. म्हणाल्या, "उंदरापर्यंत आलंय." आणि दार लावून घेतलं.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. उंदरांनी वायरी खाल्ल्या असा सरळ अर्थ काढून मी पिंजरे आणले, त्यांत भजी लावली आणि जिन्यात 'उंदरांपासून सावध' अशी पाटीही टांगली. पिंजऱ्यात सापडला तो माझाच अंगठा. त्यावर हळद लावताना मॅडमनी खुलासा केला.

मॅडम शास्त्रज्ञ आहेत. खराब झालेल्या रक्तवाहिन्या आणि झिजलेले सांधे दुरुस्त करायला त्या जिवंत पेशी वाढवतात. दोडक्याच्या वेलाला घालतात तसा पेशींना बारीक जाळीचा मांडव घालायचा. पेशी त्यावर पसरल्या की जाळी हळूहळू विरघळते आणि मागे उरते रक्तवाहिनी, नाहीतर सांध्यातली गादी. हे आधी काचेच्या बशीत जमवायचं, मग उंदरात, मग सशात, मग शेळीत, आणि सगळं पार पडलं तर माणसात. बाईंच्या लेखी जगातलं प्रत्येक काम याच वाटेनं जातं. आमच्या रस्त्याचं डांबरीकरण बशीत आहे. त्यांच्या स्वतःच्या पोळ्याही बशीतच आहेत, हे त्या स्वतःच सांगतात.

हिंजवडीत नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याचं लग्न जमत आलं होतं. मुलीची आई आमच्याकडे चहाला बसली असताना मॅडम डोकावल्या आणि "अरे वा, शेळीपर्यंत आलं की," असं कौतुकानं म्हणून गेल्या. ते स्थळ त्याच संध्याकाळी पुन्हा बशीत गेलं.

स्वतः त्या कुणाच्या लग्नाला जात नाहीत. पेशींचं पाणी बदलायचंय, हे उत्तर ठरलेलं, अगदी दिवाळीतसुद्धा. माझी बायको म्हणते, बाईंनी जन्मात एकदाच मांडव घातला, तोही पेशींना.

आता माझं सांगतो. मी जन्मभर खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी केली. म्हणजे मॅडम जे जोडायला बघतात, ते फोडायचा माल आम्ही तयार करायचो. त्याची फेड म्हणून की काय, निवृत्त झालो आणि माझे दोन्ही गुडघे वाजायला लागले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट उंदरापर्यंत. मी रोज मॅडमना जिन्यात गाठायचो, माझ्या गुडघ्याचं काय झालं म्हणून. उत्तर यायचं, "सशापर्यंत आलंय, काका." ससा बरा आहे का विचारलं, तर म्हणाल्या, उड्या मारतोय. मला त्या सशाचा मनापासून हेवा वाटायचा. एकदा मी म्हटलं, शेळीच्या जागी मलाच घ्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "शेळी कुरकुर करत नाही."

शेवटी एका सकाळी मी आंघोळीच्या स्टुलावरून उठूच शकलो नाही. बायकोनं उठवलं, तेही बोलत बोलत. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे बदला, धातूचे बसवू. मी हो म्हणून बसलो, पण मॅडमना सांगायची छाती होईना. नेहमीच्या वाण्याला चुकवून दुसरीकडून साखर आणावी तसं वाटत होतं. त्यांची चाहूल लागली की मी दाराला कडी घालायचो. पण आमच्या हिच्या पोटात काही राहत नाही.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी, ऐन पेशींच्या वेळेला, मॅडम आमच्याकडे आल्या. हातात डबा, त्यात स्वतः लाटलेल्या पोळ्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या. आता टोमणा येणार म्हणून मी अंग चोरून बसलो. त्या माझ्या गुडघ्यांकडे बघत होत्या.

"माफ करा, काका. मला उशीर झाला."

त्याच पुढे म्हणाल्या, "बाबांच्या वेळीही झाला होता. त्यांच्या पायाची रक्तवाहिनी बंद पडली, पाय काढावा लागला. रोज विचारायचे, कुठपर्यंत आलं गं? तेव्हा सगळं बशीतच होतं. मी खोटंच सांगायचे, उंदरापर्यंत आलंय."

ही बाई इतकी वर्षं बाबांना उत्तर देत होती, आणि मी आपला जिन्यात वाट अडवून तोच प्रश्न विचारत होतो. काहीतरी बोलायला हवं होतं. जे तोंडात आलं ते बोलून गेलो.

"मॅडम, उद्या फक्त उजवा बदलतोय. डावा तुमच्यासाठी राखून ठेवलाय."

हे मी त्याच क्षणी ठरवलं होतं. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला, म्हणजे बायकोलाही ते तेव्हाच कळलं. मॅडम हसल्या, मग त्यांनी चष्मा काढून पदरानं बराच वेळ पुसला. पोळ्या सशापर्यंतही आलेल्या नव्हत्या, पण मी सगळ्या खाल्ल्या.

उजवा आता झकास चालतो. डावा ठणकतो. डॉक्टर रागावतात. बायको म्हणते, या माणसाला वेड लागलंय, बरं झालं आपण येरवड्यातच राहतो, न्यायला लांब पडणार नाही.

परवा मॅडम जिन्यात भेटल्या. हल्ली मी काही विचारत नाही, त्याच थांबून सांगतात.

"शेळीपर्यंत आलंय, काका."

मी कठड्याला धरून डावा पाय जरा वर उचलला.

"येऊ द्या सावकाश. मी एका पायावर तयार आहे."