कोचसमोर गप्प बसताना

एक्झिक्युटिव्ह कोचच्या खोलीतल्या दोन खुर्च्या एकमेकींसमोर नसतात. त्यांच्यात साधारण एकशेवीस अंशांचा कोन असतो. समोरासमोर बसलं की मुलाखत वाटते, शेजारी बसलं की दवाखाना. या कोनात मात्र प्रगती होते. (कोनमापक नेला नव्हता, नजरेचा अंदाज आहे.)

कोच सल्ला देत नाही, हे आधी समजून घ्यावं. सल्ला आई, काकू आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी घरपोच देतात. कोच एक प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. शांतता असह्य होऊन आपण बोलू लागतो आणि बोलता बोलता उत्तर सापडतं. या पद्धतीला शंभर टक्के यश येतं. (ज्यांना उत्तर सापडत नाही, ते 'अजून तयार नव्हते' म्हणून मोजणीतून वगळले जातात.)

मला पाठवलं, कारण मी बोलत नाही. रंगाच्या कारखान्यात मी नमुने तपासते. आमचे प्रयोगशाळाप्रमुख निवृत्त व्हायला आले होते. त्यांची जागा घेणार का, असं साहेब विचारत, आणि मी दर वेळी "बघते" म्हणे. मी घेतली नाही, तर ती साहेबांच्या भाच्याला मिळणार होती. भाचा नमुन्याची बाटली आधी खळखळून हलवतो, मग उजेडात धरून विचारतो, "कुठंय गाळ?"

"तुम्हाला नेमकं काय अडवतंय?" कोचने विचारलं आणि तो गप्प बसला.

मीही गप्प बसले. गाळ खाली बसेपर्यंत वाट पाहणं हा माझा पेशाच आहे.

कोच पाणी प्यायला. पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग म्हणाला, "खरं सांगू का ताई, मला हे काम आवडतच नाही." पूर्वी तो फ्रिज दुरुस्त करायचा. "फ्रिज दुरुस्त झाला की गार होतो. माणसाचं काय कळतं हो? बायको म्हणते, घरी गप्प बसतोस ते फुकट, आणि बाहेर त्याचीच फी घेतोस!"

मी मान हलवली. पुढच्या बैठकीत त्याने फ्रिज दुरुस्तीचं दुकान पुन्हा उघडायचं ठरवलं. "तुमच्याशी बोलून फार मोकळं वाटलं," म्हणाला. अहवालात त्याने माझ्याबद्दल 'संवादकौशल्य: असामान्य' असं लिहिलं. कारखान्याने उपक्रम यशस्वी जाहीर केला.

साहेब खूश. "मग, काय ठरलं?"

"बघते," मी म्हटलं. भाचा तोवर प्रमुखांच्या खुर्चीची उंची स्वतःच्या मापाची करून घेत होता.

तुम्ही मात्र इतका वेळ एक शब्द बोलला नाहीत. मध्ये तोंड घातलं नाहीत, सल्ला दिला नाहीत. पानही बहुधा त्याच कोनात धरलं असेल. कसलंही प्रशिक्षण नसताना हे जमतं, म्हणजे कमालच आहे. आणि अजूनही गप्पच आहात.

बरं बाई, सांगते. प्रमुख मीच होणार. भाच्याला म्हणावं, बाटली खाली ठेव.