बरोब्बर अकराचा संप

घड्याळदुरुस्तीच्या त्या दुकानात आठ कारागीर होते. त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्याला, म्हणजे काकांना, मालकांनी सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नका. कारण काय, तर नजर अधू झाली. ताईचं डोकंच फिरलं. तिला हे काम काकांनीच हाताला धरून शिकवलं होतं.

"घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही," तिने काकांसकट सगळ्यांना बजावलं. "बरोब्बर अकराला एकदम उठायचं आणि समोरच्या पायरीवर जाऊन बसायचं. मालकांना धडकी भरली पाहिजे!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरवायचं राहिलं ते एवढंच, की अकरा कुणाच्या घड्याळात. आणि या मंडळींचा दुसऱ्याने लावलेल्या घड्याळावर काडीचा विश्वास नव्हता.

ताई आपल्या अकराला ताठ मानेने बाहेर पडली. वळून बघते तर मागे चिटपाखरू नाही. बिचारी एकटीच पायरीवर बसली. दोन मिनिटांनी गजरवाला आला.

"तू लवकर कशी आलीस गं?"

"मी वेळेवरच आलेय. तुझं मागे पडलंय."

"माझं? मागे?"

तेवढ्यात लंबकवाला आला आणि त्याने दोघांनाही चुकीचं ठरवलं. सातवा येईपर्यंत पायरीवर घोषणा नव्हत्या, पण आरडाओरडा भरपूर होता.

एकेक जण उठत होता तेव्हा मालकांना वाटलं, चहाला चाललेत. सातवी खुर्ची रिकामी झाल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते लालबुंद होऊन बाहेर आले.

"लाज वाटू द्या जरा! ज्याला मी काढायला निघालो, तो एकटा मान खाली घालून काम करतोय! काका कुठेही जाणार नाहीत. उलट उद्यापासून तुम्ही सगळे त्यांच्या हाताखाली!"

सातही जणांनी पडेल चेहरे करून माना खाली घातल्या. ताईला हसूही येत होतं आणि रडूही. मालक डोकं शांत करायला तरातरा कोपऱ्यावर निघून गेले.

ते वळतात न वळतात तोच काका दारात उभे. टोपी नीट बसवलेली, मूठ वर.

"चला, वाजले अकरा!"

सव्वाअकरा केव्हाच होऊन गेले होते. ताईने धावत जाऊन त्यांची मूठ खाली ओढली.

"काका, हळू! आधी आत जाऊन बसा. आपण जिंकलो."

काकांचा चेहरा एवढासा झाला.

"जिंकलात? माझ्यासाठीचा संप, आणि माझ्यासाठी जरा थांबला नाहीत?"