आधी फोन कुणी करायचा

अण्णा परुळेकरांना त्या भांडणातून एकच गोष्ट पदरात पाडून घ्यायची होती: धाकट्या बहिणीने, कुंदाने, आधी फोन करायचा. गावच्या घरावर कौलं ठेवायची की पत्रे घालायचे, यावरून गणपतीत दोघांचं बिनसलं होतं. कुडाळला बसून ती आठवड्याभरात नरमेल, असा अण्णांचा अंदाज. मोबाइल नंबर त्यांनी बँकेखेरीज कुणालाच दिला नव्हता. कुंदाला पाठ होता तो मुलुंडच्या घरचाच.

नेमकी त्याच आठवड्यात कंपनीने जुनी तांब्याची तार काढली. नंबर तोच, फक्त फोन आता इंटरनेटवरून. "दोन दिवसांत बॉक्स बसेल," असं सांगून गेलेला माणूस वीस दिवसांनी ड्रिल घेऊन उगवला आणि वॉचमनने त्याला गेटवरच अडवला. बिल्डिंगला नवा रंग लावल्यापासून कमिटीच्या ठरावाशिवाय भिंतीला भोक पाडायचं नाही, अशी नोटीस होती. खाली सेक्रेटरीची सही. म्हणजे अण्णांचीच.

"अरे, माझ्याच घरचं काम आहे!"

"तिसऱ्या माळ्यावरच्या श्वेताचा एसी तुम्हीच अडवला ना, अण्णा?" खजिनदार हर्षदभाई गोड हसले. "नियम म्हणजे नियम."

ठराव व्हायला दीड महिना गेला. तोवर कंपनीकडच्या अर्जाची मुदत संपली. पुन्हा अर्ज, पुन्हा "दोन दिवसांत".

"मोबाइलवरून लावा की तिला," बायको, मधुवंती, करवादली. "बोटं झिजणारेत का?"

"म्हणजे आधी मी केला असं होईल."

"मग बसा त्या मेलेल्या फोनची राखण करत!"

चौथ्या महिन्यात बॉक्स बसला. हिरवा दिवा लागला आणि फोनच्या पडद्यावर आकडा उमटला: मिस्ड कॉल सतरा. सगळे कुडाळचे, एकाच दिवसाचे.

"लाइन तर बंद होती!"

"नंबर आम्ही पहिल्याच दिवशी इंटरनेटवर चढवला होता, काका," बॉक्सवाला म्हणाला. "समोरच्याला रिंग ऐकू यायची, कंपनीत नोंदही व्हायची. फक्त इथे वाजायला काही नव्हतं."

अण्णांनी तिथल्या तिथे कुडाळला फोन लावला. भाची ऋताने उचलला.

"आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मामा. आदल्या दिवशी खूप घाबरली होती. तुमच्याशी बोलल्याशिवाय जात नाही म्हणत होती. तुम्ही उचललाच नाहीत."

"दे तिला."

मागून कुंदाचा खणखणीत आवाज आला, "मी घरात नाय म्हणान सांग."

"आई घरात नाही, मामा."

कंपनीने चार महिन्यांचं भाडं माफ केलं. सोसायटीच्या रंगाला एकच भोक पडलं, तेही ठरावानिशी. अण्णांचा तर हट्टही पुरा झाला. आधी फोन कुंदानेच केला होता. किंमत तेवढी तिने मोजली, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सतरा वेळा.