नऊ दिवसांचं कायमचं वास्तव्य

लग्न ही दोन जिवांची गाठ असली, तरी त्या दोन जिवांनी एकाच देशात राहणं ही स्वतंत्र बाब असून तिला सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. मी स्वतः खालापूरच्या एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेचा कारकून असल्यामुळे (कचेरीचं नाव सांगण्याची परवानगी मागितली आहे, अद्याप अप्राप्त) मला यात काहीच गैर वाटलं नाही.

माझी पत्नी सानवी मूळची नेरळची. दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेली, तिकडची नागरिक झाली, आता ओहायोत एका प्रयोगशाळेत रक्त तपासते. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली. पैकी एकत्र वास्तव्य एकेचाळीस दिवस, व्हिडिओ कॉल एक हजार चौदा. व्हिसाच्या मुलाखतीत अधिकारी बाईंनी चार मिनिटांत आमचा विवाह खरा असल्याचा निर्वाळा दिला. इतक्या वरच्या पातळीवरून ही खात्री आम्हाला प्रथमच मिळत होती.

व्हिसा मिळाला, पण त्यावर तारीख होती. एकोणीस जूनच्या आत अमेरिकेत पाऊल ठेवलं नाही तर सगळं रद्द. मला मात्र इतक्यात कायमचं जाणं शक्य नव्हतं. कारणं अशी: एक, तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन. दोन, माझी पदोन्नती (सहा वर्षं विचाराधीन). तीन, कचेरीतल्या लोखंडी कपाटाचं कुलूप, जे फक्त माझ्याच हाताला उघडतं. तेव्हा मी मधला मार्ग काढला. नऊ दिवस जायचं, पासपोर्टवर शिक्का घ्यायचा आणि परत यायचं. मग वर्षाच्या आत सावकाश बिऱ्हाड हलवायचं. नवं सिमकार्ड चालू करून पुन्हा डबीत ठेवावं, तसं.

कचेरीला हे समजावण्यात मी कमी पडलो. निरोप समारंभ झाला. फळ्यावर ‘केयूररावांचे अमेरिकेस कायमचे प्रस्थान’. शाल, श्रीफळ, आणि साहेबांच्या भाषणात माझे असे काही गुण, जे आजवर एकाही गोपनीय अहवालात आढळले नव्हते. आभार मानताना मी नऊ दिवसांनी परत येणार असल्याचं स्पष्ट सांगितलं. विनोद समजून टाळ्या पडल्या.

तिकडच्या विमानतळावर शिक्का मारता मारता अधिकारी ‘वेलकम होम’ म्हणाला. माझ्या खिशात परतीचं तिकीट होतं. मी थँक्यू म्हणालो.

सानवीनं अर्धं कपाट रिकामं करून ठेवलं होतं. घराच्या किल्ल्यांचा दुसरा जोड करून आणला होता. टपालपेटीवर माझं नाव चिकटवलं होतं, कारण कायमच्या वास्तव्याचं कार्ड टपालानं येणार होतं (निदान कारण तसं सांगण्यात आलं). मी कपडे बॅगेतच ठेवले. नऊ दिवसांसाठी घड्या कशाला मोडायच्या? रोज सकाळी कामावर जाताना ती त्या बॅगेला वळसा घालून जायची. आठव्या दिवशी ती बॅगेपाशीच थांबली.

“तू शिक्का मारून घ्यायला आलास, की मला भेटायला?”

“दोन्ही बाबी एकत्रित निकाली काढल्या,” मी म्हणालो. कचेरीत अशा वाक्यावर हमखास हशा मिळतो.

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी विमानतळापर्यंत तिनं गाडीत रेडिओ चालू ठेवला.

निरोप दिलेला माणूस परत आला तर त्याचं काय करायचं, याबाबत कोणतंही परिपत्रक नाही. आमच्या कर्जतमध्ये पहिल्या आठवड्यात भेटलेल्या त्रेसष्ट जणांपैकी अडतीस जणांच्या मते मला सरकारनं परत पाठवलं होतं, एकवीस जणांच्या मते बायकोनं, आणि उरलेल्या चौघांनी फक्त चॉकलेटं मागितली. तोंडावर बोलली ती स्टेशनबाहेर शेवळांची रानभाजी विकणारी भागी.

“बायकोनं धाडलं का माघारी?”

“नाही गं. माझा मीच आलो.”

जुडी बांधता बांधता तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “मंग त्ये जास्त वाईट हाय.”

घरी तात्या काळा चष्मा लावून बसले होते. शेजारच्या विकासला बरोबर घेऊन ते परस्पर पनवेलला ऑपरेशन करून आले होते. माझ्या खोलीतला पलंग भिंतीला उभा केलेला, आणि मधोमध कॅरम. मी दुखावल्यासारखं विचारलं, की मी येणारच होतो, मग इतकी घाई कशाला केलीत.

“म्हणूनच केली,” तात्या म्हणाले. “किती दिवस माझ्या मोतीबिंदूच्या आड लपून बसणार होतास?”



मी राजीनामा लिहिला. आमच्याकडे राजीनामे माझ्याच टेबलावर येतात. मी तो दाखल करून घेतला, त्रुटी काढली, आणि पूर्ततेसाठी स्वतःकडे परत पाठवला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा सही केली. इतकी वर्षं कशाला भीत होतो, हे मला त्या सहीपर्यंत कळलं नव्हतं: तिथं मी कुणाच्याही शाखेत नसणार, फक्त तिचा नवरा असणार. कपाटाची किल्ली शेजारच्या टेबलावरच्या ललिताबाईंना दिली. त्यांनी ते पहिल्या झटक्यात उघडलं.

मग सानवीला फोन करून तिकीट काढल्याचं सांगितलं.

“परतीचं कधीचं आहे?”

“काढलेलं नाही.”

मग ती म्हणाली, “कार्ड येऊन बारा दिवस झाले. म्हटलं, बघू विचारतोस का.”

मी विचारलं नव्हतं.

येत्या रविवारी जातो आहे. दुसरा निरोप समारंभ होणार नाही (नियमात तरतूद नाही). आपण हे वाचून हसला असाल. त्यास हरकत नाही. आपल्याला व्हिसा लागत नाही. आपलं माणूस शेजारच्याच खोलीत असतं. तिथं आपण आज एकूण किती मिनिटं होतात, आणि चार्जर शोधायला गेला असाल तर तो सापडल्यावरही थांबला होतात का, एवढी माहिती फक्त स्वतःला सादर करावी.